निष्कास-नलिकेची दोन टोके : कॅलिफोर्नियातील स्पोर्ट्‌स मोटार आणि उत्सर्जन-चाचणीची परिभाषा

मोटारीच्या एंजिनात जळालेला वायू ज्या नळीवाटे बाहेर पडतो, त्या संपूर्ण रचनेला आपल्याकडे सर्रास ‘सायलेन्सर’ म्हणतात. वस्तुतः सायलेन्सर हा त्या रचनेचा केवळ एक भाग होय. हा शब्द आपण ब्रिटिशांकडून घेतला. अमेरिकेत त्याच भागास ‘मफलर’ म्हणतात. दोन्ही शब्दांत आवाज दाबण्याची कल्पना आहे. वायूच्या शुद्धाशुद्धतेची कल्पना दोहोंतही नाही. याचे कारण उघड आहे. हे शब्द रूढ झाले तेव्हा नळीतून काय बाहेर पडते याची चिंता कोणी करीत नव्हते; किती गोंगाटाने बाहेर पडते एवढीच चिंता होती.

या एका नळीकडे तीन प्रकारचे लोक तीन दृष्टींनी पाहत आले. शर्यतीच्या शौकिनाने तिच्यात शक्ती पाहिली, शेजाऱ्याने गोंगाट पाहिला आणि आरोग्याधिकाऱ्याने विष पाहिले. आपल्या स्पोर्ट्‌स मोटारीची निष्कास-रचना सुधारावी आणि तरीही उत्सर्जनाची चाचणी उत्तीर्ण व्हावी, अशी इच्छा धरणाऱ्या मोटारमालकास या तिघांचेही समाधान करावे लागते. ही इच्छा प्रथम कॅलिफोर्नियात एक कायदेशीर प्रश्न बनली. त्या प्रश्नाचा इतिहास आणि त्यातून घडलेली परिभाषा यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे यंत्राइतकेच लक्ष शब्दांकडे दिले आहे. परंतु त्यामागे निव्वळ हौस नाही. या प्रकरणात शब्दांनीच नळीचे तुकडे पाडले, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. एकाच नगरीत दोन जन्म

प्रथम यंत्राची गोष्ट. चार धावांच्या एंजिनात शेवटच्या धावेत दट्ट्या जळालेला वायू सिलिंडरबाहेर ढकलतो. नळी अरुंद असेल, वाकडीतिकडी असेल, तर ढकलण्यात एंजिनाची काही शक्ती खर्च होते आणि काही जळका वायू आतच राहून ताज्या मिश्रणाची जागा अडवितो. परंतु नळी नुसती रुंद करून भागत नाही. वायू अखंड प्रवाहाने न जाता ठोक्याठोक्याने जातो आणि प्रत्येक ठोक्यामागे कमी दाबाची लाट येते. प्रत्येक सिलिंडरला समान लांबीची स्वतंत्र नळी देऊन त्या नळ्या योग्य अंतरावर एकत्र आणल्या, तर ही लाट पुढच्या सिलिंडरातील वायू ओढून घेण्यास साहाय्य करते. अशा नळ्यांच्या जुडग्याला ‘हेडर’ म्हणतात. कारखान्यात बसविलेल्या ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डऐवजी हेडर बसविणे, ही मोटार वेगवान करण्याची एक जुनी आणि प्रामाणिक रीत आहे.

ही विद्या लॉस एंजेलिसच्या परिसरात विशेष फोफावली. जवळच्या वाळवंटातील कोरड्या तळ्यांवर जुन्या मोटारी सुधारून पळविण्याचा छंद तेथे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच रुजला होता. १९३७ मध्ये या छंदिष्टांची वेळमापन करणारी संघटना स्थापन झाली. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिक निघाले. आणि १९६३ मध्ये सुट्या भागांच्या उत्पादकांनी ‘सेमा’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा आपला संघ उभारला.

याच नगरीत याच काळात दुसरी एक गोष्ट जन्माला आली. २६ जुलै १९४३ रोजी शहरावर असा दाट, डोळे झोंबविणारा धूर उतरला की, तो जपानी वायुहल्ला असावा अशी शंका काहींना आली. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस परगण्याने वायुप्रदूषण-नियंत्रणाची स्वतंत्र यंत्रणा निर्माण केली. तिची नजर प्रथम कारखाने आणि तेलशुद्धीकरणाचे प्रकल्प यांच्याकडे वळली. पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत, मूळचे डच असलेले आणि त्यापूर्वी अननसाच्या स्वादद्रव्यांचा अभ्यास करणारे जीवरसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिले की, न जळलेली हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन आणि इतर दाहक द्रव्ये तयार होतात. या दोन्ही कच्च्या मालांचा मोठा पुरवठादार मोटार हाच होता. नळीच्या मागच्या टोकास काय चालले आहे, हे जगाला येथे प्रथम कळले.

मोटार-उत्पादकांनी ही गोष्ट सहज मान्य केली नाही. प्रदूषण-नियंत्रक साधनांचा विकास आपापसांत संगनमत करून रोखून धरल्याचा आरोप अमेरिकेच्या संघशासनाने त्यांच्यावर ठेवला आणि तो खटला १९६९ मध्ये तडजोडीच्या हुकूमनाम्याने मिटला. तोपर्यंत कॅलिफोर्निया आपल्या वाटेने पुढे गेली होती. १९६० मध्ये मोटार-प्रदूषण-नियंत्रण मंडळ आले. १९६६ सालच्या नमुन्यांच्या मोटारींपासून नळीतून बाहेर पडणाऱ्या वायूवर मर्यादा लागू झाली : हायड्रोकार्बने दशलक्षांत २७५ भाग आणि कार्बन मोनॉक्साइड दीड टक्का. १९६७ च्या कायद्याने ‘एअर रिसोर्सेस बोर्ड’ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्षपद हागेन-स्मिट यांच्याकडे गेले. त्याच वर्षीच्या संघीय कायद्याने कॅलिफोर्नियास देशाहून कडक मानके ठरविण्याची वाट मोकळी केली.

२. शक्तीचा ऱ्हास : खरा किती, भासमान किती

१९७० च्या ‘क्लीन एअर ॲक्ट’ या संघीय कायद्याने हायड्रोकार्बने आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण १९७५ पर्यंत नव्वद टक्क्यांनी घटवावे असे फर्माविले. मुदती पुढे लांबल्या; परंतु १९७५ च्या नमुन्यांपासून बहुतेक अमेरिकी मोटारींत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे उत्प्रेरकाचे पात्र, बसू लागले. या पात्रातील प्लॅटिनमसारख्या धातूंच्या पृष्ठभागावर घातक वायूंचे रूपांतर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांत होते. पेट्रोलातील शिसे या उत्प्रेरकाला निकामी करते; म्हणून शिसेविरहित पेट्रोलही त्याबरोबर आले.

या बदलाचे जनरल मोटर्समधील पुरस्कर्ते होते तिचे अध्यक्ष एडवर्ड कोल. शेव्हरोले कंपनीचे १९५५ चे सुप्रसिद्ध लहान व्ही-आठ एंजिन ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले, तेच हे कोल. ‘कॉर्व्हेट’ या स्पोर्ट्‌स मोटारीस खरा जोम त्याच एंजिनाने दिला होता. शक्तीचा शिल्पकार आणि शुद्धतेचा पुरस्कर्ता ही एकच व्यक्ती असावी, ही बाब शौकिनांच्या परंपरागत कथेत मात्र सहसा येत नाही.

ती कथा अशी : कायदा आला आणि स्पोर्ट्‌स मोटार मेली. पुराव्यादाखल आकडे दिले जातात. कॉर्व्हेटचे मूळ एंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचे होते, १९७२ मध्ये ते २०० चे झाले, १९७५ मध्ये १६५ चे. आकडे खरे आहेत. त्यांचा लावलेला अर्थ मात्र तपासून पाहिला पाहिजे. १९७१ आणि १९७२ या दोन वर्षांत एंजिन जवळजवळ तेच होते. बदलली होती ती मोजण्याची रीत. पूर्वी एंजिन चाचणीच्या बैठकीवर ठेवून, त्यावरील जोडयंत्रे काढून आणि मोकळ्या निष्कास-नळ्या लावून ‘ग्रॉस’ अश्वशक्ती मोजीत. १९७२ पासून सर्व जोडयंत्रांसह आणि मोटारीत असते तशा निष्कास-रचनेसह ‘नेट’ अश्वशक्ती मोजू लागले. म्हणजे सत्तर अश्वशक्तींपैकी बहुतांश घट ही एंजिनात झालेली नसून ‘अश्वशक्ती’ या शब्दाच्या अर्थात झालेली होती. शब्द तोच राहून अर्थ पालटल्यामुळे इतिहासाचा विपर्यास होतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

खरी घट मुळीच नव्हती असे मात्र नाही. कमी शिशाच्या पेट्रोलासाठी संपीडन-गुणोत्तर उतरविले गेले होते. १९७४ ची १९५ अश्वशक्ती १९७५ मध्ये १६५ वर आली, ती नव्या रीतीनेच मोजलेली दोन्ही वर्षे असल्यामुळे ही तीसची घट वास्तविक होय. त्या वर्षी कॉर्व्हेटच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या एकत्र आणून एकाच उत्प्रेरक-पात्रात सोडल्या आणि त्यामागे पुन्हा दोन केल्या. जनरल मोटर्सचे ते पात्र गोळ्यांनी भरलेले होते. वायूला त्या गोळ्यांतून वाट काढावी लागे आणि अडथळा बराच होई. म्हणून त्या काळी पात्र काढून टाकून सरळ नळी जोडणाऱ्यास शक्तीचा लाभ खरोखरच मिळत असे. १९८० मध्ये तर कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या कॉर्व्हेटला नेहमीचे ३५० घनइंची एंजिन प्रमाणित न झाल्याने ३०५ घनइंची, १८० अश्वशक्तीचे एंजिन मिळाले. शौकिनांचा राग या दशकातील अनुभवावर पोसलेला आहे आणि त्या दशकापुरता तो निराधार नव्हता.

परंतु यंत्रविद्या तेथे थांबली नाही. कॉर्निंग कंपनीच्या संशोधकांनी घडविलेल्या मातीच्या मधपोळ्यासारख्या जाळीने गोळ्यांची जागा घेतली आणि अडथळा पुष्कळ घटला. १९७७ च्या नमुन्यात व्होल्वो कंपनीने कॅलिफोर्नियासाठी ऑक्सिजन-संवेदक आणि तीनही प्रदूषकांवर क्रिया करणारा उत्प्रेरक यांची जोडी आणली. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे १४·७ भाग हवा, या अरुंद मर्यादेत मिश्रण राखले तरच असा उत्प्रेरक आपले काम नीट करतो. आणि तेवढे काटेकोर मिश्रण राखण्यासाठी संगणक मोटारीत आला. त्याच संगणकाने पुढे शक्तीही वाढविली. १९९२ च्या कॉर्व्हेटचे मूळ एंजिन ३०० अश्वशक्तीचे होते, आणि २०१५ च्या ‘झेड-झीरो-सिक्स’ या नमुन्याची शक्ती ६५० होती. दोन्ही मोटारींत उत्प्रेरक होता. शक्ती आणि शुद्धता यांचे वैर स्वभावसिद्ध नसून एका विशिष्ट दशकातील अपुऱ्या यंत्रविद्येचे ते फळ होते, असे यावरून म्हणता येते.

३. कायद्याने पाडलेले नळीचे दोन तुकडे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कारखान्याने प्रमाणित केलेल्या मोटारीत मालकाने फेरबदल करावा की नाही? या संदर्भातील इंग्रजी कायद्याचा कळीचा शब्द आहे ‘टॅम्परिंग’. त्याचा अर्थ नुसता ‘बदल’ असा नाही. ‘ढवळाढवळ’ किंवा ‘छेडछाड’ असा आहे. शब्दातच दोषारोप आहे. १९७० च्या संघीय कायद्याने ही छेडछाड उत्पादक आणि विक्रेते यांना मना केली. १९७७ च्या दुरुस्तीने दुरुस्तीचा धंदा करणारेही त्यात आले. आणि १९९० च्या दुरुस्तीने मालकासह कोणतीही व्यक्ती त्यात आली. म्हणजे पहिली वीस वर्षे, संघीय कायद्यापुरते पाहिले तर, मालकाने स्वतःच्या हाताने केलेला बदल या मनाईच्या कक्षेबाहेर होता. त्याच दुरुस्तीने नियंत्रण-साधन निकामी करणारे भाग बनविणे व विकणे हेही निषिद्ध ठरविले.

पण मग सर्वच बदल छेडछाड ठरणार काय? मूळ हेडर गंजला तर दुसरा बसवू नये काय? या शंकेचे उत्तर संघीय पर्यावरण-संस्थेने २५ जून १९७४ च्या एका अंमलबजावणी-ज्ञापनात दिले. त्याचा आशय असा की, बसविलेल्या भागामुळे उत्सर्जन बिघडणार नाही असे मानण्यास वाजवी आधार असेल, तर त्या बदलास छेडछाड मानण्यात येणार नाही. हे ज्ञापन ‘तात्पुरते’ म्हणून निघाले आणि २०२० मध्ये नवे धोरण येईपर्यंत, म्हणजे शेहेचाळीस वर्षे, चालू राहिले.

कॅलिफोर्नियाने याच तत्त्वाला अधिक काटेकोर रूप दिले. तेथील वाहनसंहितेचे २७१५६ वे कलम नियंत्रण-साधनात फेरफार करण्यास मनाई करते. परंतु एखादा भाग उत्सर्जनाची मर्यादा ओलांडू देत नाही असे त्याच्या उत्पादकाने चाचणीने सिद्ध केले, तर बोर्ड त्या भागास ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर’ देते. ‘डी’ अक्षराने सुरू होणारा तिचा क्रमांक त्या भागाबरोबरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. ती चिठ्ठी एंजिनाच्या खणात चिकटवावयाची असते. अनुमती ठरावीक मोटारींच्या ठरावीक वर्षांच्या नमुन्यांपुरतीच असते. मूळ भागासारखाच भाग, अनुमतिप्राप्त सुधारित भाग आणि केवळ शर्यतीसाठीचा भाग, अशी वर्गवारी त्यातून रूढ झाली.

या व्यवस्थेने नळीवर एक अदृश्य रेषा ओढली. उत्प्रेरक-पात्रापर्यंतचा भाग शासनाच्या देखरेखीखाली आला आणि त्यामागचा भाग उत्सर्जनाच्या दृष्टीने मोकळा राहिला, कारण पात्रातून बाहेर पडलेल्या वायूचे घटक मागील नळीच्या रुंदीने बदलत नाहीत. या मोकळ्या भागास धंद्यात ‘कॅट-बॅक’ हे नाव पडले : उत्प्रेरकापासून मागे. १९७५ पूर्वी अशा शब्दाची गरजच नव्हती. शर्यतीची विद्या या नळीचे भाग दाब आणि लाटा यांच्या हिशेबाने पाडीत होती. ‘कॅट-बॅक’ हा विभाग मात्र सर्वस्वी कायद्याच्या रेषेवर उभा आहे. शौकिनांच्या ओठी रुळलेला हा शब्द मुळात परवानगीची सीमा सांगणारा शब्द आहे. अर्थात तेथेही पूर्ण मोकळीक नाही. आवाजाची मर्यादा त्या भागास लागू असतेच. कॅलिफोर्नियाच्या संहितेत ती सामान्य मोटारीसाठी ९५ डेसिबल अशी आहे.

रेषेच्या पुढच्या बाजूस हेडर बसवावयाचा असेल तर अडचण कोठे येते, हे समजून घेणे उद्‌बोधक आहे. उत्प्रेरक सुमारे अडीचशे ते तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून कामास लागत नाही, आणि हायड्रोकार्बनांचा मोठा वाटा थंड एंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एकदोन मिनिटांतच बाहेर पडतो. लांब नळ्यांचा हेडर पात्राला मागे सरकवितो; पात्र उशिरा तापते आणि ती पहिली मिनिटे अधिक मलिन होतात. म्हणून पात्र मूळ जागी ठेवणाऱ्या आखूड हेडरांना अनुमती मिळविणे तुलनेने सुकर ठरले. जोडाच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली तर ऑक्सिजन-संवेदक फसतो आणि संगणक नको तितके पेट्रोल सोडतो. पात्रच बदलावयाचे असेल तर नियम आणखी कडक आहेत. बदली पात्रांविषयी संघीय संस्थेने १९८६ मध्ये धोरण जाहीर केले आणि २००९ पासून कॅलिफोर्नियाने आपली मानके त्याहून कडक केली.

चाचणीची रीतही पालटत गेली. १९८४ मध्ये ‘स्मॉग चेक’ ही दर दोन वर्षांची तपासणी सुरू झाली. तीत नळीच्या टोकाशी वायू मोजीत आणि शिवाय डोळ्यांनी भाग तपाशीत. अनुमतिक्रमांक नसलेला हेडर असेल, तर वायू शुद्ध असूनही मोटार अनुत्तीर्ण होई. १९९६ च्या नमुन्यांपासून देशभर मोटारीतच निदान-यंत्रणा आली. उत्प्रेरकाच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन संवेदक एकमेकांशी ताडून, पात्र काम करीत आहे की नाही हे ती स्वतःच नोंदविते. २०१५ पासून २००० आणि नंतरच्या पेट्रोल मोटारींची तपासणी मुख्यतः या यंत्रणेला प्रश्न विचारून होऊ लागली. जुलै २०२१ पासून संगणकाची आज्ञावली बदलली आहे काय, हेही पाहू लागले.

४. उत्तीर्ण होणे आणि शुद्ध असणे

येथे एक मूलभूत भेद पुढे येतो. चाचणी उत्तीर्ण होणे आणि शुद्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चाचणी ही खूण आहे. शुद्धता हा अर्थ. खूण आणि अर्थ यांची फारकत करण्याचे प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाले.

एक प्रयत्न सुटे भाग विकणाऱ्यांपैकी काहींचा. ‘केवळ रस्त्याबाहेरील वापरासाठी’ अशी ओळ छापून उत्प्रेरकरहित नळ्या विकावयाच्या आणि त्या रस्त्यावरच धावणार हे उभय पक्षांना माहीत असावयाचे, ही पद्धत बरीच रूढ झाली. व्याकरणदृष्ट्या ते निर्बंधवाचक वाक्य. व्यवहारात मात्र जबाबदारी झटकण्याचे साधन. खऱ्या शर्यतीसाठी रस्त्यावरची मोटार कायमची बदलणाऱ्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. तो २०१५-१६ मध्ये संघीय संस्थेच्या एका प्रस्तावित मजकुरामुळे चिघळला. तो मजकूर एप्रिल २०१६ मध्ये मागे घेण्यात आला. छेडछाडीचे परिणाम मात्र काल्पनिक नव्हते. मागील दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डीझेल पिकअप गाड्यांची नियंत्रण-साधने काढून टाकली गेली, असा अंदाज त्याच संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्या गाड्या स्पोर्ट्‌स मोटारी नव्हत. पण युक्ती तीच होती.

दुसरा प्रयत्न खुद्द एका मोठ्या उत्पादकाचा. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की, फोक्सवॅगन कंपनीच्या डीझेल मोटारी चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरत्या शुद्ध होत आणि रस्त्यावर मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइडे सोडीत. या मोटारींत एकही नळी कोणी बदललेली नव्हती. बाह्य रूप निर्दोष, अनुमती पूर्ण, चाचणी उत्तीर्ण; आणि तरीही वायू मलिन. छेडछाड करणारा तो नेहमी मालकच, या समजुतीस यामुळे जबर धक्का बसला.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील स्थितीचा ओझरता उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचा झाला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ विनिर्देशावर भर दिला. कॅलिफोर्नियाची अनुमती परिणामाचा पुरावा मागते. आपल्या कायद्याचा कल मूळ रूप राखण्याकडे आहे. पुण्यामुंबईकडे पोलीस ‘मॉडिफाइड सायलेन्सर’ जप्त करून रोडरोलरखाली चिरडतात, अशा बातम्या आपण वाचतो. त्या कारवाईमागे मुख्य तक्रार कर्कश आवाजाची असते, उत्सर्जनाची क्वचितच. ‘सायलेन्सर’ या शब्दाने आपले लक्ष अद्याप गोंगाटापाशीच खिळवून ठेवले आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

५. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, शक्ती आणि शुद्धता यांच्या वैराची कथा बऱ्याच अंशी मापनपद्धतीतील बदल आणि एका दशकाची अपुरी यंत्रविद्या यांवर रचलेली आहे. आकड्यांची परिभाषा न तपासता ती इतिहास म्हणून स्वीकारणे योग्य नाही. दुसरी अशी की, निष्कास-रचना सुधारूनही चाचणी उत्तीर्ण होण्याचा मार्ग कॅलिफोर्नियात पळवाटेतून नव्हे, तर पुराव्यातून निघाला : उत्प्रेरकामागे आवाजाच्या मर्यादेत मोकळीक, आणि त्याच्या पुढे सिद्ध केलेल्या अनुमतीनेच बदल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, कोणतीही चाचणी ज्या हेतूसाठी निर्माण होते त्या हेतूची जागा ती स्वतः घेऊ शकत नाही. नळीच्या पुढच्या टोकास एंजिन आणि त्याचा हौशी मालक असतो. मागच्या टोकास, ज्यांनी ती मोटार कधी पाहिलेलीही नसते, अशा माणसांची फुप्फुसे असतात. हागेन-स्मिट यांच्या प्रयोगांनी हा संबंध जगाच्या दृष्टीस आणला. त्यानंतरचा कायदा, चाचणी आणि परिभाषा हा सारा त्या संबंधाला शब्दांत बांधण्याचा खटाटोप होय. तो पूर्णपणे यशस्वी झाला असे म्हणता येत नाही. परंतु १९६० च्या सुमाराच्या मोटारीच्या तुलनेत आजच्या नव्या मोटारीतून बहुतेक प्रदूषके अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव टक्क्यांनी कमी बाहेर पडतात, हे पाहता तो वायाही गेला नाही.